सुरंग, सुरुंग आणि बोगदा

प्रश्न असा: 'आमच्याकडे (वाशीम) सगळे सुरंगच म्हणतात. मग बुलेट ट्रेनचा सुरंग लिहिला तर चुकलं काय?'

बोलण्यात काही चुकलं नाही. हिंदीच्या शेजारामुळे वऱ्हाडात तो शब्द रुळला आहे, आणि मूळ संस्कृत 'सुरुङ्गा'चा अर्थही भुयारी वाटच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे. मराठीत मात्र अर्थ सरकला. वाटेचं नाव ती फोडणाऱ्या दारूला चिकटलं. विहिरीत काळा पाषाण लागला की कंप्रेसरने भोकं पाडून आपण लावतो तो सुरुंग. आरपार वाट तो बोगदा.

लिहिताना हा फरक पाळावा, कारण एकाच कामात दोन्ही शब्द लागतात. मुंबई-अहमदाबाद मार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. सुमारे १६ किलोमीटर यंत्राने कोरायचे, तिथे सुरुंगाचा संबंध नाही. उरलेले शिळफाट्याकडचे पाच किलोमीटर सुरुंगाने: भोकं, दारू, बार, मग धूर बाहेर काढणं, लोंबकळते दगड पाडणं, मलबा उचलणं, खडकात बोल्ट ठोकून वर काँक्रीटचा फवारा. न उडालेला बार राहिला तर त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, हे विहीरवाल्यालाही ठाऊक असतं. आता 'सुरुंगाचं काम थांबलं' अशी बातमी आली तर थांबलं काय, स्फोट की अख्खा बोगदा?

'भुयार' (भूमिगृहावरून) बहुधा एका तोंडाचं, तळघराच्या जातीचं. विशेषण मात्र चालतं: भुयारी स्थानक, भुयारी गटार.

तोंडावरून आठवलं. ताशी ३२० किलोमीटरने गाडी आत घुसली की पुढची हवा दाबली जाते. दाबाची ती लाट ध्वनीच्या वेगाने पुढे धावते आणि पलीकडच्या तोंडातून धडाका होऊन बाहेर पडते. खडीऐवजी काँक्रीटवर रूळ असले तर लाट मुरत नाही, उलट टोकदार होते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास सान्यो मार्गावर हा त्रास पुढे आला. उपाय म्हणून तोंडापुढे झरोक्यांचं काँक्रीटचं आच्छादन बांधतात, म्हणजे दाब एकदम न चढता सावकाश चढतो. त्याला मराठी शब्द रुळलेला नाही. पुस्तकी 'प्रवेशावरण'पेक्षा मला आपली 'छपरी' बरी वाटते: घराच्या तोंडाशी असते तशीच ती. शहरातल्या पोरांनी तिची शिवी केली, त्याला छपरी काय करणार!