ग्रिंडेलवाल्डचा उन्हाळा आखताना

जुलै-ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील ग्रिंडेलवाल्डला जाणार असाल, तर पहिल्याच दिवशी मोठी चढाई ठरवू नये. गाव १,०३४ मीटरवर असले, तरी केबलकारने ‘फर्स्ट’ या डोंगरमाथ्यावर पोहोचताच आपण २,१०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईहूनही बरेच उंच असतो, आणि तेथून बाखआल्पझे सरोवरापर्यंतची सुमारे तासाभराची सौम्य वाट पायांचा अंदाज घेण्यास मला सर्वांत योग्य वाटते. पिवळ्या पाट्यांवर चालण्याचा वेळ लिहिलेला असतो, परंतु त्यात विश्रांती धरलेली नसते. नवख्याने त्यात निम्म्याने भर घालावी. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या डोंगरवाटांसाठी घोट्याला आधार देणारे बूट हवेतच. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणांच्या, त्याहून अवघड वाटा तूर्त कटाक्षाने टाळाव्यात. दुपारनंतर वादळी पाऊस येऊ शकतो, त्यामुळे सकाळी लवकर निघावे आणि परतीच्या शेवटच्या केबलकारची वेळ आधीच पाहून ठेवावी.