आकड्याआधी फक्की

बाळ,

परवा निघताना तू जिन्यात थांबून विचारलंस, "काका, मी मीटिंगमध्ये बोलायला नको होतं का?" मी तेव्हा काहीच म्हटलं नाही. जे आठवलं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तू बोललीस ते बरोबरच, त्यावर शब्द घालवत नाही. ठाण्यातल्या तलावाकाठच्या त्या कामात रस्त्यापासून कट्ट्यापर्यंत तीन पायऱ्या आहेत, म्हणजे साडेचारशे मिलिमीटरची चढण. बारास एक उतार, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, धरला तर रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागते, आणि ड्रॉइंगमध्ये जागा ठेवलीय दोन मीटर. पदपथ १.८ मीटर दाखवलाय. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेली किमान मोकळी रुंदी तेवढीच आहे. पण जागेवर त्या पदपथाच्या मधोमध विजेचा डीपी उभा आहे आणि तो ड्रॉइंगवर नाहीच. तुला हे दिसलं, तुझ्या साहेबांनाही दिसलं असणार. ते म्हणाले, "एस्टिमेट तांत्रिक मान्यतेला गेलंय, आता नको." तुझा गोंधळ त्या एका वाक्याने झालाय, आणि माझी तीस वर्षं त्याच वाक्यात गेली.

आपल्याकडे काम कसं तपासतात ते एकदा ओळीने मांडून बघ. प्रशासकीय मान्यतेच्या वेळी विचारतात, काम हवंय का आणि तरतूद आहे का. तांत्रिक मान्यतेच्या वेळी परिमाणं आणि डीएसआरचे, म्हणजे सरकारी दरसूचीचे, दर तपासतात. निविदेत किती टक्के वर, किती टक्के खाली. मग स्थायी समिती, मग एम.बी. (झालेल्या कामाची मोजमाप-वही) आणि बिलं, शेवटी लेखापरीक्षण. पैसा पाच-सहा हातांतून मोजला जातो. नकाशा एस्टिमेटला टाचलेला असतो, एवढंच. गुडघे दुखणारी बाई इथून कशी चढेल, हा प्रश्न लिहायला त्या अख्ख्या फाईलीत रकाना नाही. मोठा पूल असेल तर आयआयटी किंवा व्हीजेटीआयकडून संरचना तपासून घेतात. तो भार पेलेल की नाही हे त्यातून कळतं. उतरलेला माणूस पुढे कुठे जाईल हे कळत नाही. अंधेरीचा गोखले पूल आठव. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाची पातळी त्याच्याशी जुळत नव्हती. मग जॅक लावून पूल उचलावा लागला.

एकदा आकडा ठरला की नकाशातला प्रत्येक बदल म्हणजे एक्स्ट्रा आयटम. त्यामागून सुधारित एस्टिमेट, पुन्हा मान्यता, आणि चार वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप, तोही निवृत्तीच्या तोंडावर. तुझे साहेब वाईट नाहीत, ते घाबरलेले आहेत. मी त्यांच्या खुर्चीत बसलोय. त्या भीतीशी तू आकडा ठरल्यानंतर भांडायला गेलीस तर दर वेळी हरशील. म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आकड्याआधी फक्की. परिमाणं काढायच्या आधी ड्रॉइंग जागेवर न्यायचं, पूर्ण मापाने फक्कीने जमिनीवर आखायचं आणि एक दिवस लोकांना त्यावरून चालू द्यायचं. मग एस्टिमेट.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी कार्यकारी अभियंता असताना एका पादचारी पुलाचं काम होतं. जागा लिहीत नाही. पदपथ अडीच मीटर, त्यावर उतरणारा जिना दोन मीटर, उरला अर्धा मीटर आणि त्यात एका दुकानाची पायरी. मी ड्रॉइंगवर तिथे पेन्सिलीने गोल केला. मार्चचा तिसरा आठवडा होता, ३१ तारखेनंतर निधी परत जाणार होता. मी तो गोल रबराने खोडला आणि सही केली. पूल सुरू झाल्यावर महिन्याभराने तिथे फुलं विकणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या, "साहेब, वर जायला केलंत, पण पुढं जायचं कुठनं?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आजही माणसं तिथे पदपथ सोडून रस्त्यावर उतरतात, जिन्याला वळसा घालतात आणि पुन्हा वर चढतात. मी तो रस्ता टाळतो.

मी सही केली नसती तर निधी गेला असता, पूल झालाच नसता आणि लोक धावत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडत राहिले असते. हे खरं आहे, मी आजही ते म्हणतो. पूल हवाच होता. पण जिना चार मीटर सरकवायला डिसेंबरमधली एक सकाळ पुरली असती. ती सकाळ मी घेतली नाही, कारण कुणी मागितली नव्हती.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या कामांत मी फक्की सोडली नाही. एका चौकातला बसथांबा आम्ही आखला, तर सकाळी आठ वाजता शाळेची रांग नेमकी त्या रेषांच्या आत उभी राहिली. थांबा सरकवला, खर्च शून्य. वरिष्ठ म्हणाले, दोन दिवस वाया गेले. दोन दिवस! ज्या कामाची फाईल सात महिने टेबलाटेबलांवर फिरते त्यात दोन दिवस. मग मी टिपणी लिहिली, की प्रत्येक नव्या कामाचा नकाशा एस्टिमेटआधी चार जणांनी जागेवर बघावा: एक वास्तुरचनाकार, एक वाहतूक शाखेचा माणूस, एक अपंग नागरिक आणि त्या भागात राहणारी एक व्यक्ती. शेरा आला, "तूर्त नस्तीबद्ध करावे." म्हणजे फाईलला लावून विषय बंद. मी दुसऱ्यांदा लिहायला हवं होतं, तिसऱ्यांदाही. नाही लिहिलं. मी बरोबर होतो एवढ्यावरच समाधान मानलं आणि त्यात कुणाचंही भलं झालं नाही.

तू म्हणालीस, बाहेरच्या देशांत यासाठी आयोग असतात, तिकडे शिकायला जाऊ का. जायचं तर जा, पण तिथे काय बघायचं ते ठरवून जा. न्यूयॉर्कमध्ये १८९८ पासून असा आयोग आहे. सदस्य अकरा, मानधन नाही. त्यांत चित्रकार, शिल्पकार, वास्तुरचनाकार आहेत आणि कलाक्षेत्राबाहेरची माणसंही. शहराच्या जमिनीवर कायमचं काही बांधायचं, मग ती इमारत असो, बाग असो की पुतळा, नकाशा त्यांच्यापुढे जातो, तोही उघड बैठकीत. संकल्पना, प्राथमिक आणि अंतिम असे टप्पे असतात. उशीर होतो अशी ओरड तिथेही आहे. तू मात्र पहिला टप्पा बघ: नुसती संकल्पना असतानाच तो कागद चार परक्या डोळ्यांखालून जातो. त्यांच्याकडे फक्की नसेल, क्रम तोच आहे. आपल्या देशातही दिल्लीत १९७३ च्या कायद्याने नगर कला आयोग झाला. आपल्या राज्यात १९६६ च्या नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. म्हणजे सबंध शहराच्या नकाशावर ठाणेकर हरकत घेऊ शकतो, पण स्वतःच्या दारासमोरच्या पदपथाचा नकाशा त्याला पेव्हर ब्लॉक बसल्यावर दिसतो. मार्च २०२२ मध्ये इथल्या महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच होते. तेव्हा तर सभेत उभं राहून विचारणाराही कुणी नव्हता.

आणि खाडीपलीकडे बघ. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात लोकांपुढे मांडली, वाद झाले, आणि ते शहर उभारणारी सिडको आली १९७० मध्ये. एवढं मोठं शहर आधी कागदावर चर्चेला ठेवता आलं, तर आपल्याला तीनशे मीटरचा कट्टा ठेवता येऊ नये?

आता तो टॅब बाजूला ठेव. परवा तू मला त्यातली चित्रं दाखवलीस: संध्याकाळची उन्हं, फुगे धरलेली मुलं, रिकामा रुंद पदपथ. त्यात डीपी होता का? चेंबरची झाकणं होती का? चणेवाला कुठे बसणार? सात वाजता ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली तासभर उभी राहा, कुठल्या जिन्याला माणसं लोटतात आणि कुठला रिकामा पडतो ते बघ. ते कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. मी चिडून लिहितोय असं वाटेल. चिडलोच आहे, कारण तुला दिसतं आणि तरी तू स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतेस.

तुझ्या कामाचं टेंडर अजून निघालेलं नाही. तांत्रिक मान्यतेला गेलेलं एस्टिमेट परत मागवता येतं, मी दोनदा मागवलंय. त्यासाठी मत चालत नाही, जागेवरची मापं लागतात. रविवारी सकाळी साडेसहाला तलावाशी ये. तीस मीटरचा टेप आण आणि ड्रॉइंगची कागदावर छापलेली मोठी प्रत आण. पाच किलो फक्की मी आणतो. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ व्हीलचेअर वापरतात, त्यांना विचारलंय, ते येतो म्हणालेत. रॅम्प दोन मीटरचा आखू आणि शेजारी ५.४ मीटरचाही. ते चढून बघतील तेव्हा तू फोटो काढ, तारीख-वेळ दिसेल असे. सोमवारी तुझ्या साहेबांना टिपणी मी सांगतो तशी लिहून दे, एक पान, वर सही तुझी. त्यांनी नस्तीबद्ध केली तर गुरुवारी दुसरी.

तुझा
काका