वाचकांचे प्रश्न : बातमीदारीतून पोलीस खात्यात

प्रश्न : खानापूर तालुक्यात मी एका मराठी दैनिकाचा वार्ताहर आहे. पदवीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं. कर्नाटकातल्या पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) भरतीत बातमीदारीचा उपयोग होईल का? सीमाभागातली मराठी माणसं १ नोव्हेंबरला कर्नाटक स्थापनेच्या निषेधात जो काळा दिन पाळतात, त्या फेरीतला एक गुन्हाही माझ्यावर नोंद आहे.

उत्तर : अनुभवाचे वेगळे गुण मिळत नाहीत, पण पहिल्या पेपरात तुमची लेखणी कामाला येते. हा पेपर ५० गुणांचा असतो. त्यात निबंध, सारांश आणि कन्नड-इंग्रजी दोन्ही बाजूंनी भाषांतर असतं. दुसरा १५० गुणांचा, वस्तुनिष्ठ.

सीमाभागातली मराठी मुलं अडतात ती भाषांतरात, आणि तेही ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय. 'दूरु' म्हणजे तक्रार, 'बंधन' म्हणजे अटक, 'महजरु' म्हणजे पंचनामा. मराठी अर्थ धरून चाललात तर 'अनुमानास्पद सावु'चा संशयास्पद मृत्यू हातून निसटतो आणि अख्खा उतारा भरकटतो. रोज कन्नड दैनिकातली गुन्ह्याची एक बातमी घ्या, दहा ओळी इंग्रजीत करा. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता त्या परत कन्नडमध्ये उतरवा, मोबाइलवर नको, हातानं लिहून. बोलता चांगलं येतं पण जोडाक्षरं लिहिताना हात थांबतो, हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळून उपयोग नाही.

बातमीची एक सवय मात्र मोडावी लागेल. बातमीत महत्त्वाचं आधी येतं. जबाब आणि पंचनामा घडलं त्या क्रमानं चालतो : तारीख, वेळ, ठाण्यापासून कोणत्या दिशेला किती अंतर, मग कोणी काय पाहिलं. 'असे समजते' तिथे चालत नाही.

गुन्ह्याबद्दल सांगायचं तर, तो लपवू नका. पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं आणि खटल्याची आजची स्थिती लिहा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडा. नोकरीच्या पडताळणीत गुन्हा दडवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, पण किरकोळ प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येतं. दडवलेली माहिती उघडी पडली, तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. फेरीतल्या गुन्ह्याची लाज बाळगायचं कारण नाही, रकाना कोरा मात्र सोडू नका.

हातातलं काम आत्ताच सोडू नका. २०२१ ची ५४५ जागांची परीक्षा गैरप्रकारांमुळे रद्द झाली, फेरपरीक्षेला जानेवारी २०२४ उजाडला. महाराष्ट्राची वाटही बघून ठेवा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल आणि १५ वर्षांचं वास्तव्य असेल, तर तिकडच्या भरतीत अर्ज करता येतो. रहिवासाचा दाखला जाहिरातीतल्या नमुन्यातच काढा, नाहीतर कागदपत्रं तपासताना अर्ज बाद होतो.

प्रश्न : निवड झाल्यावर दैनिकातलं सदर चालू ठेवता येईल का? (निपाणी)

उत्तर : नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांनुसार वृत्तपत्राशी असा संबंध परवानगीशिवाय ठेवता येत नाही, टोपणनावानंही नाही. कथा-कविता, निव्वळ साहित्य याला मोकळीक असते. बातमीदार असताना ज्यांनी विश्वासानं माहिती दिली त्यांची नावं, नंबर, जुन्या वह्या नव्या नोकरीत वापरू नका. ती माणसं वार्ताहराशी बोलली होती, पोलिसाशी नाही.