‘प्रभूने मला दाखवलंय’ म्हणणाऱ्यांनी योहानाचा ९वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक ज्याला आध्यात्मिक अंधत्व म्हणतात ते आपल्यात आहे हे कसं ओळखायचं, आणि देवाचं मार्गदर्शन खरं कोणतं. मी पाळक नाही. पण ‘आंधळी’ हा शब्द मी भर प्रार्थनासभेत स्वतःबद्दल ऐकलाय, म्हणून लिहिते.

माझ्या लग्नाचं बघत होते. थोरला दादा म्हणाला, प्रभूने मला दाखवलंय, हेच स्थळ. मुलगा वाईट नव्हता. पण आम्ही दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा माझं मन मागे सरलं. महिनाभर प्रार्थना केली, उपास केले, मग नाही म्हणाले. पुढच्या सभेत दादाने बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ४था अध्याय उघडला, या युगाच्या दैवताने, म्हणजे सैतानाने, मनं आंधळी केली आहेत ते वचन वाचलं, आणि ‘हिचे डोळे उघड’ अशी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळे ‘आमेन’ म्हणाले. आई-बाबा खाली मान घालून बसले होते.

ते वचन अविश्वासी लोकांबद्दल आहे, ज्यांना ख्रिस्ताच्या सुवार्तेचा प्रकाश दिसत नाही. स्थळ नाकारणाऱ्या बहिणीबद्दल नाही. हे मी आजही ठासून सांगते.

त्या रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा ९वा अध्याय वाचला. जन्मांध माणूस, येशूने डोळ्यांना लावलेला चिखल, शिलोहाचं तळं हे आपल्याला पाठ असतं. पण अध्याय ४१ वचनांचा आहे आणि त्याला दिसू लागतं ते ७व्या वचनातच. उरलेली सगळी उलटतपासणी. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, त्याला पुन्हा पुन्हा विचारतात. सभास्थानातून काढतील या भीतीने आईबाप म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. त्या ओळीवर मी खूप रडले. शेवटी त्याला बाहेर घालवतात, आणि ते कळल्यावर येशू त्याला गाठतो. मग परूशांना म्हणतो, तुम्ही आंधळे असता तर तुम्हांला पाप नसतं, पण आम्हांला दिसतं असं म्हणता म्हणून तुमचं पाप तसंच राहतं.

म्हणून माझ्या मते आंधळा तो, ज्याला आपल्याला सगळं दिसतं याची खात्री झालीय. ‘मला दिसत नाहीये, प्रभू’ असं जो म्हणतो त्याची मला काळजी वाटत नाही. आंधळा भिकारी बार्तीमय येशूकडे तसाच ओरडला होता.

मार्गदर्शनाचं म्हणाल तर वचन, प्रार्थना, मंडळीतल्या जाणत्यांचा सल्ला हे तुम्हाला माहीत असेलच. मी फक्त एक बघायला सांगेन. येशू जन्मणार हे देवदूताने मरीयेला सांगितलं, पण तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं त्या योसेफाची ‘तिच्या शब्दावर विश्वास ठेव’ एवढ्यावर बोळवण केली नाही, त्यालाही स्वप्नात सांगितलं. पेत्राला बोलावून घे असा रोमी अधिकारी कर्नेल्याला दृष्टान्त झाला, तसा येशूचा शिष्य पेत्र यालाही झाला. ज्याचं आयुष्य वळवायचं, त्याच्याशी देव स्वतः बोलतो. तुमच्या आयुष्याबद्दल दुसऱ्याच कुणाला ‘दाखवलं’ असेल, तर थांबा. पारख करा, असं पौलानेच थेस्सलनीकाकरांना लिहिलंय.

दृष्टान्त खोटेच असतात असं मी म्हणत नाही, आणि दादाचा विश्वासही खोटा नाही. मी आजारी असताना रात्रभर गुडघ्यांवर होता तो. शिवाय मन मागे सरलं म्हणजे देवच बोलला असंही नाही, कधी ती नुसती भीती असते. मलाही तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं.

पण दादाला मी एकदा विचारलं होतं, प्रभूने तुला सांगितलं तर मला का नाही? तो म्हणाला, तुझे डोळे बंद होते. दिमिष्कात शौलालाही, म्हणजे पुढे पौल झाला त्यालाही, दिसत नव्हतं, तीन दिवस. हनन्या नावाचा शिष्य येऊन आपल्यावर हात ठेवतोय हे त्याला त्या तीन दिवसांतच दिसलं होतं.