तिसऱ्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गॅस? आधी जॉबशीट वाचा

परभणीच्या भाऊंनी लिहिलंय की एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, आर-३२ गॅसचा. दर एप्रिलला गॅस भरायचा आणि मे संपायच्या आत पुन्हा पंख्यासारखी हवा. वर सर्व्हिसवाला म्हणतो, "आपल्याकडं ऊनच एवढं, गॅस दरवर्षी टाकावाच लागतो." हे वाक्य मला पाठ आहे. त्याच वाक्याला मीही मान डोलावून पैसे मोजलेत, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही. मतं माझी आहेत आणि तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलच खरं धरा.

एसीचा गॅस उन्हानं आटत नाही की पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. फिल्टर, स्टॅबिलायझर वगैरे तुम्ही पाहिलं असेलच. एवढंच सांगतो की बर्फ कुठं धरतो ते बघा. बारीक पाइपच्या जोडावर आणि कॉइलच्या (खोलीतल्या, म्हणजे इनडोअर युनिटमधली हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) सुरुवातीच्या भागातच बर्फ असेल, बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी. पूर्ण कॉइल आणि जाड पाइपही गोठला असेल तर बहुधा फिल्टर किंवा ब्लोअर (आतला हवा फेकणारा पंखा) घाण झालाय. तिथं गॅस भरून काही होत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. ती पान्याची नाही, पेनाची आहे. अधिकृत म्हणवणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरच्या (नाव घेत नाही) प्रत्येक जॉबशीटवर (काय काम केलं तो सहीचा कागद) माझ्याकडं एकच ओळ होती: "गॅस चार्जिंग केले, कूलिंग ओके." गळती हा शब्द कुठंच नाही. त्यामुळं इनडोअरची कॉइल फुटलीय हे जेव्हा उघड झालं तेव्हा उत्तर आलं की कॉइलची तक्रार वॉरंटीत कधी नोंदलीच नव्हती. म्हणून सांगतो, कागदावर "गॅस कमी, गळती तपासणी आवश्यक" असं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि मोबाइलवर येणारा तक्रार बंद करायचा ओटीपी माणूस दारात असताना देऊ नका. "साहेब, द्या ना, आमचं टार्गेट असतंय" म्हणतात. निदान एक दिवस एसी चालवून बघा, मग द्या. ओटीपी दिला की त्यांच्या लेखी तुम्ही समाधानी ग्राहक. कंप्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी लिहिलेली असली तरी ती कंप्रेसरचीच. गॅस आणि कॉइल कुठल्या कलमात, किती वर्षं, हे वॉरंटी कार्डावर वेगळं वाचा.

गळती शोधायची ती या क्रमानं. आधी डोळ्यांनी. गॅससोबत कंप्रेसरचं तेल बाहेर येतं, म्हणून जिथं तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तो पहिला संशयित. मग भांड्याच्या लिक्विड साबणाचा दाट फेस: आउटडोअरचे (बाहेरच्या युनिटचे) दोन फ्लेअर नट (तांब्याच्या पाइपचं पसरट केलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारे), गॅस भरायच्या तोंडातली पिन आणि इनडोअरमागचे दोन जोड. हे मागचे जोड टेप आणि इन्सुलेशन सोडवून बघायला लावा. निम्मे लोक तिथं हातच घालत नाहीत. फेस लावताना एसी बंद असू द्या, कारण बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ४० अंशांत आर-३२ चा हा दाब साधारण ३४५ पीएसआय (दाबाचं माप) असतो. चालू एसीत जाड पाइपचा दाब त्याच्या निम्म्याहूनही कमी, मग बारीक भोक गप्प राहतं. अर्थात आत गॅस उरलेला हवा. सगळाच गेला असेल तर थेट नायट्रोजन, म्हणजे नळीत तो वायू दाबानं भरून दाब पडतो का ते बघायचं.

नायट्रोजन ३५०-४०० पीएसआय, मॅन्युअलच्या मर्यादेत, आणि रात्रभर. "अर्धा तास काटा हलला नाही" याला मी टेस्ट मानत नाही. मात्र एक हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडं दुपारी ४० आणि पहाटे २८ असेल तर ४०० पीएसआयचा काटा गळती नसतानाही सोळाएक पीएसआय खाली येतो. एवढ्यानं घाबरू नका, त्याहून जास्त पडला तरच शोधा. जोडांवर बुडबुडे नसूनही काटा पडला तर इनडोअर कॉइल सुटी काढून दोन्ही तोंडं बंद करा, नायट्रोजन भरा आणि पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुड्यांची माळ दिसते, वाद संपतो. व्हिडिओ काढून ठेवा. नायट्रोजनऐवजी कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन लावत असेल तर त्याला तिथंच थांबवा. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

फ्लेअर गळत असेल तर नट आणखी आवळणं हा उपाय नाही. जास्त आवळलं की तांब्याचं तोंड पातळ होऊन चिरतं. पाइप कापा, कापताना आत वळलेली धारदार कोर साफ करा, नवीन फ्लेअर काढा, फ्लेअरला कंप्रेसर तेलाचा थेंब लावा आणि टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) पाव इंचीला १४-१८, अर्धा इंचीला साधारण ५०-६० न्यूटन मीटर. कॉइलला मुंगीच्या वारुळासारखी बारीक भोकं पडली असतील (प्लायवूडचा गोंद, रंग, स्वयंपाकाची वाफ यांतल्या आम्लांनी तांबं तसं पोखरतं) तर एक भोक बुजवल्यावर दुसरं तयारच असतं. माझं मत, कॉइल बदला. अ‍ॅल्युमिनियम कॉइलवर एम-सील टाइप लेप म्हणजे पुढच्या एप्रिलचं आमंत्रण. पटत नसेल तर करून बघा.

दुरुस्ती झाली की व्हॅक्यूम पंप लावा, ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप), आणि पंप बंद करून काटा चढतो का ते बघत दहा-पंधरा मिनिटं थांबा. गॅसनंच हवा हुसकून लावणं चालणार नाही. मग गॅस काट्यावर तोलून, आउटडोअरच्या प्लेटवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका. पाइप मॅन्युअलमधल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर प्रतिमीटर किती वाढवायचा तेही तिथंच दिलेलं असतं. इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरचा वेग बदलतो, तसा दाबही बदलतो. त्यामुळं नुसतं गेज बघून "एकशे वीस झाले, बस" करणारा अंदाजपंचे भरतोय असं समजा. वजनकाटा नाही म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

आर-३२ पेट घेऊ शकतो आणि जळाला तर विषारी धूर होतो. बंद खोलीत तो सोडणं किंवा गॅस असलेल्या नळीवर डाग द्यायची ज्योत मारणं, दोन्ही नाही. आणखी एक: गळती असलेला एसी चालू ठेवून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊ देऊ नका. भोकातून हवा आत गेली तर कंप्रेसर फुटू शकतो. हे काम घरी करून बघायचं नाही, पण बाजूला उभं राहून बघायला कुणी अडवत नाही.

सेंटर दाद देत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे परभणीतच दाखल करता येतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत २ वर्षं. म्हणून पहिल्या गॅस भरणीची पावती आजच शोधा. थर्मल कागदावर असेल तर झेरॉक्स काढा, त्या पावत्या वर्षभरात कोऱ्या पडतात.

जाता जाता, आउटडोअरवर बोअरचं पाणी मारून थंड करायची युक्ती बंद करा. क्षार बसून बाहेरच्या कॉइलच्या पातळ पत्र्यांमधल्या फटी बुजतात, हेड प्रेशर (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) चढतं आणि जो जोड कसाबसा तग धरून होता तोही सुटतो.