वाचकांचे प्रश्न : नकाशा तयार आहे, मग तह अडतो कुठे?

इस्रायल-पॅलेस्टाईन वादात शांतता होईल का, या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत कोण दोषी, याचा निकाल मागितला होता. ती बाजूला ठेवून ज्यांना नेमके उत्तर देता येते तेवढेच प्रश्न निवडले.

'दोन राष्ट्रे' हा तोडगा आम्ही तीस वर्षे ऐकतो आहोत. सीमा नेमकी कुठून जाणार होती? की त्यावर कधी बोलणेच झाले नाही? (सातारा)

बोलणे पुष्कळ झाले, आणि शेवटी उरलेला फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान होता. आधार धरला जातो तो १९६७ च्या युद्धाआधीच्या रेषेचा, म्हणजे 'ग्रीन लाइन'चा. इस्रायलने तिच्या पलीकडे आपल्या नागरिकांसाठी वसवलेल्या मोठ्या वसाहती ठेवायच्या आणि तेवढी जमीन आपल्या बाजूची द्यायची, ही अदलाबदलीची कल्पना. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मांडलेल्या चौकटीत वेस्ट बँकेचा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश) ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाईनला जात होता, शिवाय १ ते ३ टक्क्यांची अदलाबदल. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी सुमारे ६.३ टक्के ठेवून ५.८ टक्के देऊ केले, शिवाय गाझा व वेस्ट बँक जोडणारा मार्गही. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांची तयारी १.९ टक्क्यांच्या अदलाबदलीची होती. ६.३ आणि १.९ या दोन आकड्यांतला फरक अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो.

पण टक्केवारी फसवी असते. एरियल ही वसाहत ग्रीन लाइनपासून बरीच आत, वेस्ट बँकेच्या पोटात आहे. ती ठेवायची तर तिथपर्यंतचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूही ठेवाव्या लागतात. जेरुसलेम आणि माले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्यामधला 'ई-१' पट्टा तर जेमतेम १२ चौरस किलोमीटरचा. पण तो बांधला की रामल्ला आणि बेथलेहेम या पॅलेस्टिनी शहरांमधली सलग जमीन तुटते. तिथल्या सुमारे ३,४०० घरांना ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणून किती टक्के, याच्याइतकेच कुठले टक्के, हेही विचारावे लागते.

काळही एका जागी थांबलेला नाही. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार इस्रायली वसाहतवासी होते. आज ते ५ लाखांच्या घरात आहेत. बरेचसे रेषेलगतच्या मोठ्या वसाहतींत राहतात, म्हणजे अदलाबदलीत बसतात. आत खोलवर राहणारे मात्र लाखाच्या वर आहेत. २००५ मध्ये गाझातून सुमारे ८,००० जणांना हलवताना हजारो सैनिक आणि पोलीस लागले आणि सत्ताधारी लिकुड पक्षात फूट पडली. लाखभर लोकांना हलवणारे सरकार आज तरी दिसत नाही.

ओस्लो कराराचे हस्तांदोलन झाले, नोबेलही मिळाले. मग बिघडले कुठे? (अमरावती)

करार मोडला तो हिंसाचाराने, असे सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. कराराची घडणच अशी होती की हिंसाचाराला भरपूर वेळ मिळाला.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना यांच्यातला १३ सप्टेंबर १९९३ चा जाहीरनामा आणि २८ सप्टेंबर १९९५ चा दुसरा करार यांनी पाच वर्षांचा अंतरिम काळ ठरवला. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, पाणी हे सगळे अवघड विषय शेवटच्या टप्प्यावर ढकलले. तो टप्पा मे १९९९ मध्ये संपायचा होता. शेवटी काय मिळणार, हे कुठेच लिहिले नव्हते. स्वतंत्र पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेखही त्यात नाही. वेस्ट बँकेचे तीन भाग पडले: 'ए' भागात कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे (म्हणजे या करारांतून उभ्या राहिलेल्या मर्यादित पॅलेस्टिनी सरकारचे), 'बी' भागात कारभार त्यांचा पण सुरक्षा इस्रायलकडे, आणि 'सी' भागात सगळे इस्रायलकडे. 'सी' मधली जमीन तीन हप्त्यांत प्राधिकरणाकडे जायची होती, पण प्रत्येक हप्ता किती, याचा आकडा करारात नव्हता. २००० पर्यंत 'ए' सुमारे १८, 'बी' २२ आणि 'सी' ६० टक्के इथवर गाडे आले आणि थांबले. आजही ते तिथेच आहे. 'ए' आणि 'बी' मिळून दीडशेहून अधिक सुटी बेटे तयार झाली, मधली सगळी जमीन 'सी'. शेतकऱ्याला विहीर खणायची किंवा गोठा बांधायचा तर परवाना इस्रायली लष्करी प्रशासनाकडून घ्यायचा.

दुसरी उणीव पंचाची. वाद झाला तर संयुक्त समितीकडे जायचे, पण समिती चालणार एकमताने. संयुक्त जलसमितीत दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे. एकाने 'नाही' म्हटले की विहीर, वाहिनी, मलनिस्सारण केंद्र सगळे अडकले. कागदावर समानता होती, पण पाण्याचा नळ एकाच्या हातात होता. वसाहतींची वाढ थांबवण्याचे स्पष्ट कलमही नव्हते.

या पाच वर्षांच्या पोकळीत दोन्हीकडच्या विरोधकांनी काम साधले. २५ फेब्रुवारी १९९४ ला वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टीन या इस्रायली वसाहतवाशाने २९ नमाजींना ठार केले. त्याच वर्षी एप्रिलपासून इस्रायली शहरांत कराराला विरोध असलेल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेचे आत्मघाती बॉम्बस्फोट सुरू झाले. ४ नोव्हेंबर १९९५ ला करार करणारे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या एका इस्रायली तरुणानेच केली. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा बसमध्ये स्फोट झाले आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत त्यांच्या जागी आलेले शिमोन पेरेस एक टक्क्याहूनही कमी मतांनी पडले.

याच्या शेजारी इजिप्तचा तह ठेवून पाहा. २६ मार्च १९७९ च्या त्या तहात सिनाईतून माघारीच्या रेषा आणि तारखा दोन्ही होत्या, आणि शेवटचा सैनिक २५ एप्रिल १९८२ ला निघाला. देखरेखीला वेगळे बहुराष्ट्रीय दल नेमले. 'ताबा' नावाच्या छोट्या किनारपट्टीवर एकमत होईना, तर प्रकरण लवादाकडे गेले. १९८८ मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये इस्रायलने जागा सोडली. इतकी युद्धे झाली, तो तह टिकून आहे. अर्थात सिनाईत जेरुसलेम नव्हते, हे मान्यच. पण तारीख, रेषा आणि पंच या तीन गोष्टी नसल्या तर पुढच्या कुठल्याही कराराचे ओस्लोच होईल, असे आमचे मत आहे.

पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा कारभार चालतो तरी कशावर? देणग्यांवर? (ठाणे)

देणग्या लागतात, पण मुख्य आधार कराचा, आणि तो वसूल करतो इस्रायल. २९ एप्रिल १९९४ च्या पॅरिस करारानुसार दोघांची सीमाशुल्क व्यवस्था एकच आहे. रामल्लाच्या दुकानात जाणारा माल अश्दोद किंवा हैफा बंदरात उतरतो. त्यावरचे सीमाशुल्क, व्हॅट आणि इंधनावरचा कर इस्रायल घेतो, ३ टक्के हाताळणी खर्च कापतो आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला द्यायची, असे ठरले आहे. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून बराच मोठा भाग हाच. जीएसटीचा राज्याचा हिस्सा केंद्राकडून यायला उशीर झाला की राज्याची जी ओढाताण होते ती आपण पाहतो. इथे हिस्सा देणारे सरकार दुसऱ्याच देशाचे आहे.

गळती आणखीही आहे. व्हॅटचा हिशेब बिलांवर चालतो. पॅलेस्टिनी व्यापाऱ्याने इस्रायली घाऊक विक्रेत्याचे बिल सादर केले नाही, की तो कर इस्रायलकडेच राहतो. थकलेली वीजबिले, पाण्याची आणि दवाखान्यांची बिलेही परस्पर कापली जातात.

२०१८ च्या इस्रायली कायद्यानुसार, कैद्यांच्या आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण जितके भत्ते देते तितकी रक्कम २०१९ पासून रोखली जाऊ लागली. इस्रायलच्या दृष्टीने हे भत्ते म्हणजे हल्लेखोरांना बक्षीस. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर गाझाचा वाटाही रोखला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अब्बास यांनी ती भत्तापद्धत रद्द करण्याचा हुकूम काढला; पैसे दुसऱ्या वाटेने जातच आहेत, असे इस्रायलचे म्हणणे. मे २०२५ पासून सगळाच हप्ता थांबला. शिक्षक आणि पोलिसांना तर नोव्हेंबर २०२१ पासूनच पूर्ण पगार मिळत नव्हता. उद्या गाझाचा कारभार याच प्राधिकरणाकडे सोपवायचा असे जगभरचे नेते म्हणतात, तेव्हा हा पगाराचा प्रश्न कुणी विचारत नाही.

पुण्यात २०२४ मध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांच्या निवडचाचण्या झाल्या. त्याचा याच्याशी काही संबंध? (पुणे)

थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०२३ पूर्वी वेस्ट बँकेतले सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जात, त्यांतले बरेच बांधकामावर. ७ ऑक्टोबरनंतर बहुतेकांचे परवाने बंद झाले. ती जागा भरण्यासाठी सेंटरिंग, सळईकाम, प्लास्टर आणि फरशी या कामांचे कारागीर भारतातून मागवले गेले. वेस्ट बँकेतल्या घरांची मजुरी त्यामुळे बुडाली आणि वर सांगितलेला कराचा हप्ताही थांबला. जाणाऱ्या आपल्या कारागिराचा यात दोष नाही. पण उद्या शांततेची बोलणी निघालीच, तर या परवान्यांचा मुद्दा पहिल्या पानावर असेल.

गाझातला २०२५ चा युद्धविराम टिकेल का? (नागपूर)

त्या कराराचा जो भाग मोजता येत होता तो पार पडला. जो मोजता येत नाही तो अडतो. ट्रम्प यांची २० कलमी योजना २९ सप्टेंबर २०२५ ला आली, १० ऑक्टोबरला युद्धविराम सुरू झाला, १३ तारखेला हमासकडचे जिवंत असलेले सगळे २० ओलीस सुटले. बदल्यात इस्रायलने दीर्घ शिक्षेचे २५० कैदी आणि गाझातून पकडलेले सुमारे १,७०० जण सोडले. इस्रायली सैन्य माघारीसाठी ठरलेल्या 'पिवळ्या रेषे'मागे गेले, तरी गाझाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्याकडेच राहिला. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ मंजूर केला: बाजूने १३, रशिया आणि चीन तटस्थ. त्यात गाझाच्या कारभारावर देखरेख करणारे शांतता मंडळ आणि सुरक्षेसाठीचे आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल यांना २०२७ अखेरपर्यंत मुदत आहे. युद्धविरामाच्या काळातही शेकडो पॅलेस्टिनी मारले गेले, हेही इथे नोंदवायला हवे.

अडचण क्रमाची आहे. शस्त्रे खाली आल्याशिवाय माघार नाही, असे इस्रायल म्हणतो. ताबा संपल्याशिवाय आणि राष्ट्राची हमी मिळाल्याशिवाय शस्त्रे देणार नाही, असे हमास म्हणते. हमासची शस्त्रे जबरदस्तीने काढून घेण्यासाठी आपले सैनिक पाठवायला बहुतेक देश राजी नाहीत. असाच अडथळा आधीही आला होता. १९ जानेवारी २०२५ च्या युद्धविरामात दुसऱ्या टप्प्याची बोलणी सोळाव्या दिवशी सुरू व्हायची होती. ती मार्गी लागली नाहीत आणि १८ मार्चला इस्रायलचे हल्ले पुन्हा सुरू झाले.

तुलनेला उत्तर आयर्लंड घ्या. तिथला करार एप्रिल १९९८ चा. ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकामी झाल्याची घोषणा सप्टेंबर २००५ ची. म्हणजे सात वर्षे लागली, मुदत ठरली होती दोनच वर्षांची. दरम्यान कैदी सुटले, सरकार बनले, मोडले, पुन्हा बनले. शस्त्रे निकामी झाल्याचा दाखला ब्रिटिश लष्कराने दिला नाही; तो कॅनडाच्या जनरल द शास्तलें यांच्या स्वतंत्र आयोगाने दिला. गाझात ही पद्धत लावायची तर अग्निबाण आणि भुयारे आधी, रायफली शेवटी. शस्त्रे तिसऱ्या पक्षाच्या कुलपात. आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेल्या किलोमीटरची माघार. एका झटक्यात सगळे मागितले की काहीच हाती लागत नाही.

निर्वासितांचे काय? सगळे परत येऊ शकतात का? (कोल्हापूर)

इस्रायलचे कोणतेही सरकार ते मान्य करणार नाही, आणि हक्कच सोडला असे कोणताही पॅलेस्टिनी नेता म्हणू शकत नाही. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी परागंदा झाले. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित संस्थेकडे आज वंशजांसह सुमारे ५९ लाखांची नोंद आहे. अरब देशांतून बाहेर पडावे लागलेल्या ज्यूंचा हिशेब इस्रायल समोर ठेवतो, तोही लाखांतच. क्लिंटन चौकटीत पाच वाटा होत्या: पॅलेस्टाईनमध्ये, अदलाबदलीत मिळालेल्या जमिनीवर, आहे त्याच देशात, तिसऱ्या देशात, आणि इस्रायलच्या संमतीने थोड्यांना इस्रायलमध्ये, सोबत भरपाई.

एक गोष्ट सहसा सुटते. सगळ्यांची स्थिती सारखी नाही. जॉर्डनमधल्या बहुतेकांकडे तिथले नागरिकत्व आहे. लेबनॉनमधल्यांना अनेक व्यवसायांना बंदी आहे आणि मालमत्ता घेता येत नाही. सुरुवात लेबनॉनपासून करावी, तिथली संख्या तुलनेने लहान आणि गरज तातडीची आहे.

दोनऐवजी एकच राष्ट्र का नको? (रत्नागिरी)

जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत ज्यू आणि अरब साधारण सत्तर-सत्तर लाख. समान मताधिकार दिला तर ज्यू राष्ट्र उरत नाही; नाही दिला तर लोकशाही उरत नाही. आज प्रत्यक्षात सत्ता एकाचीच आहे, हक्क मात्र राहण्याच्या जागेवरून ठरतात. तोडगा म्हणून हा पर्याय दोन राष्ट्रांहून सोपा नाही.

निवडणुकांनी काही बदलेल का? (सोलापूर)

इस्रायलमध्ये ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवडणूक घेणे कायद्याने आवश्यक आहे. सरकारसाठी संसदेत १२० पैकी ६१ जागा जुळवायच्या, त्यामुळे पाच-सहा जागांचा पक्षही वसाहतींवर अट घालू शकतो. पंतप्रधान बदलला म्हणून धोरण बदलेलच असे नाही: जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्राला विरोध करणारा ठराव संसदेत ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला, आणि बाजूने मत देणाऱ्यांत विरोधी बाकांवरचेही होते.

पॅलेस्टिनींकडे अडचण वेगळी. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले आणि अजून पदावर आहेत. संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ ची. हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या, पुढच्या वर्षी गाझा हमासच्या आणि वेस्ट बँक प्राधिकरणाच्या हातात, अशी वाटणी झाली. २२ मे २०२१ ला ठरलेले मतदान पूर्व जेरुसलेमचे कारण देऊन अब्बास यांनी पुढे ढकलले. अब्बास यांच्या फताह पक्षातली फूट हेही कारण होते, असे बहुतेक जाणकार मानतात. पण जेरुसलेमचा पेच सुटण्यासारखा आहे. १९९६, २००५ आणि २००६ मध्ये तिथल्या पॅलेस्टिनींनी इस्रायली टपाल कार्यालयांत जाऊन मतपत्रिका दिल्या. इस्रायलला ते टपाल म्हणता आले, पॅलेस्टिनींना मतदान. ही तरतूद १९९५ च्या करारात आहे. ती पुन्हा वापरायला इस्रायलची संमती लागते, आणि त्यासाठी दबाव आणायचा तर तो वॉशिंग्टनहूनच यावा लागेल.