पाश्चात्त्य संगीताच्या रोमँटिक काळातली, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातली सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) पहिल्यांदाच ऐकायची आहे. कोणती ऐकावी, आणि ऐकल्यावर मित्रांशी त्यावर काय बोलावं?

फ्रेंच संगीतकार बेर्लिओझची ‘सिम्फनी फान्तास्तिक’ ऐका. १८३० साली ती पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली. पाच भाग आहेत. हॅरिएट स्मिथसन या आयरिश अभिनेत्रीसाठी झुरणाऱ्या बेर्लिओझने प्रेयसीची म्हणून एकच धून रचली आणि ती पाचही भागांत फिरवली. तेवढी धून ओळखता आली की पहिल्या खेपेला पुरे, संगीताचं व्याकरण नंतर बघता येईल. पहिल्या भागात ती व्हायोलिन आणि बासरीवर येते. चौथ्याच्या शेवटी क्लॅरिनेट ती एकट्यानेच सुरू करतं आणि गिलोटिनचं, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राचं, पातं पडावं तसा अख्खा ऑर्केस्ट्रा तिला मधेच तोडतो. पाचव्यात, चेटकिणींच्या मेळाव्यात, तीच धून चिरक्या आवाजात विद्रूप होऊन नाचते.

बोलायचं मात्र तिसऱ्या भागावर. सुरुवातीला दोन मेंढपाळ वाद्यांवर एकमेकांना साद घालतात. शेवटी एकच साद घालत राहतो आणि उत्तरादाखल ऐकू येतो फक्त टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्यावरचा दूरचा गडगडाट. माझ्या मते या अख्ख्या सिम्फनीत इतकी अस्वस्थ करणारी जागा दुसरी नाही. तुम्हाला तिथे काय वाटलं, तिथूनच चर्चा सुरू करा. सलग वेळ नसेल तर चौथा भाग आधी ऐकला तरी चालेल, पण तिसरा घाईत उरकू नका.